हंगाम चांगला गेला. संघ सुधारला का?

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सरला की पेठापेठांतून एक वाद रंगतो : आपला संघ यंदा खरोखर सुधारला, की नुसते सामने पदरात पडले? पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या संघांची नावे तालमींची आहेत. त्यामुळे हार-जीत ही पेठेच्या इभ्रतीची बाब होते आणि हिशेब मागे पडतो. शिरोली एमआयडीसीतील फाउंड्रीत पाळी करून येणारे आमचे पालक आणि माजी विद्यार्थीही वसतिगृहाच्या संघाविषयी हाच प्रश्न विचारतात. त्याचे उत्तर कसे शोधावे, ते येथे मांडीत आहोत.

एकाच साधनावर निष्कर्ष बेतू नये, हा इतिहासाच्या अभ्यासातील पहिला धडा. विजयांची संख्या हे असेच एक साधन आहे. सामने कोणाशी झाले, कोठे झाले आणि कोणत्या खेळाडूंनिशी झाले, हे शेजारी ठेवल्याशिवाय ती संख्या काहीच सांगत नाही.

भारतीय संघाचे २०२३ साल पाहा. इंफाळ, भुवनेश्वर आणि बंगळुरू येथे लागोपाठ तीन स्पर्धा जिंकल्या. जुलैमध्ये जागतिक क्रमवारीत भारत ९९ व्या स्थानी पोहोचला. देशभर आनंद झाला, तो रास्तच होता. परंतु तिन्ही स्पर्धा घरच्या मैदानांवरील. भुवनेश्वरच्या अंतिम सामन्यात ज्या लेबनॉनला २-० असे हरवले, त्याच लेबनॉनकडून सप्टेंबरमध्ये थायलंडमध्ये ०-१ अशी हार पत्करावी लागली. पुढे जानेवारी २०२४ मध्ये कतारमधील आशिया चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांकडूनही पराभव झाला. एकही गोल करता आला नाही आणि क्रमवारी ११७ वर घसरली. म्हणून आधीचे यश खोटे ठरते काय? तसेही नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये कुवेतला त्याच्याच देशात १-० ने हरवले होते. आमच्या मते, त्या वर्षातील प्रगतीचा सर्वांत भक्कम पुरावा हाच एक सामना; करंडक नव्हेत.

कोल्हापूरच्या लीगचे सामने शाहू स्टेडियमवरच होत असल्याने तेथे मैदानाचा प्रश्न फारसा उरत नाही. खेळाडूंचा मात्र उरतो. बाहेरगावचा किंवा परदेशी खेळाडू एका हंगामापुरता आणला, त्याने गोल केले आणि तो निघून गेला, तर पेठेतील पोरांच्या खेळात काय फरक पडला?

निवासी शाळेत हा प्रश्न अधिकच टोकदार होतो, कारण दहावीची मुले दरवर्षी आम्हांला सोडून जातात. तेव्हा गोल कोणत्या इयत्तेच्या मुलांनी केले, हे आधी पाहावे. एका दुबळ्या संघावर ५-० असा विजय आणि नंतर ०-१ असे दोन पराभव झाले, तरी गोलफरक अधिक तीनच दिसतो. त्याला भुलू नये. बलाढ्य संघाविरुद्ध शेवटच्या दहा मिनिटांत गोल खाण्याचे थांबले असेल, तर पराभवातही दम वाढल्याची खूण सापडते. आणि सातवी-आठवीची किती मुले नियमित मैदानावर उतरतात, हा आकडा करंडकांच्या कपाटात कधीच दिसत नाही.

यासाठी प्रत्येक सामन्याची नोंद हवी : प्रतिस्पर्धी, मैदान, गोलांची मिनिटे, खेळाडूंची नावे व इयत्ता. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाकडे आपल्या काळातील अशा नोंदी, वह्या वा सामन्यांची छायाचित्रे असतील, तर त्यांच्या प्रती शाळेच्या कार्यालयात आणून द्याव्यात, ही विनंती.