काकांचा कॅनोनेट

आखातातून सुट्टीवर जाणाऱ्या मराठी माणसाच्या सामानात सत्तर-ऐंशीच्या दशकात काही वस्तू ठरलेल्या असत. टू-इन-वन, जाड ब्लँकेट, दूध पावडरचे डबे, अत्तराच्या बाटल्या, आणि ऐपत थोडी बरी असेल तर एक जपानी कॅमेरा. बाकीच्या वस्तू संपल्या, विटल्या नाहीतर भंगारात गेल्या. कॅमेरा मात्र कुणी टाकत नाही. तो चामड्याच्या केसमध्ये, माळ्यावर, लग्नाच्या अल्बमशेजारी पडून राहतो. अशाच एका कॅमेऱ्याशी गेल्या हिवाळ्यात माझी ओळख झाली, तिची ही हकीकत.

कॅमेरा आमच्या इमारतीतल्या काकांचा. (नाव छापायचं नाही ही त्यांची अट!) काका १९७८ साली सर्व्हेअर म्हणून दोह्यात आले आणि तिसऱ्या पगारात त्यांनी कहरबा स्ट्रीटवरच्या एका दुकानातून हा कॅमेरा घेतला. कहरबा म्हणजे वीज. दोह्यात विजेचे दिवे पहिल्यांदा लागले ते याच रस्त्यावर. आता काका-काकू जूनमध्ये कायमचे सांगलीला परतणार आहेत. घरात कार्गोची खोकी भरणं चालू आहे. त्यात एक दिवस काकांनी तो माझ्या हातात ठेवला. "मुलांना नकोय. चालतो का बघ, आणि चालला तर शिकून घे. मी जाईपर्यंत विचारायचं ते विचार."

कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्री असं त्याचं भारदस्त नाव. पहिला कॅनोनेट जपानमध्ये जानेवारी १९६१ मध्ये १८,८०० येनला बाजारात आला, तेव्हा आठवडाभर पुरेल म्हणून ठेवलेला माल दोन तासांत संपला होता म्हणतात. जी-थ्री हे १९७२ चं मॉडेल. क्यूएल म्हणजे फिल्म झटपट भरण्याची सोय, आणि १७ म्हणजे लेन्सचं अ‍ॅपर्चर १.७, अर्थात अंधाऱ्या खोलीतही बराच प्रकाश आत घेणारी लेन्स. ४० मिलिमीटरची ही लेन्स बदलता येत नाही, झूम वगैरे लाड नाहीत. हातात घेतला की मुठीएवढा वाटतो, पण वजन असं की पर्समध्ये टाकल्यावर पट्टा खांद्यात रुततो.

आता रेंजफाइंडर म्हणजे काय ते सांगते. हात लांब करून अंगठा उभा धरा आणि एकेक डोळा मिटून बघा. अंगठा जागा बदलतो ना? वस्तू जितकी जवळ तितकी ही उडी मोठी. हेच तत्त्व. कॅमेऱ्याला पुढे दोन खिडक्या असतात. एकीतून आपण बघतो, दुसरीतली प्रतिमा आरशांवरून फिरून पहिलीच्या मधोमध एका पिवळसर चौकोनात येऊन पडते. त्यामुळे चौकोनात माणूस दुहेरी दिसतो. लेन्सचा कंगोरा फिरवत गेलं की ती भुतासारखी दुसरी प्रतिमा सरकत येते आणि पहिलीवर बरोबर बसते. बसली की फोकस झाला. आपण लेन्समधून बघतच नाही, त्यामुळे चौकटीत सगळं जग कायम स्वच्छ दिसतं; लेन्सला काय दिसतंय ते मात्र रोल धुवून येईपर्यंत कळत नाही. मोबाइलच्या सवयीच्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

काकांची शिकवण्याची पद्धत सर्व्हेअरची. "आधी अंतर सांग, मग डोळा लाव." गच्चीवरची पाण्याची टाकी किती लांब? मी म्हणायची वीस फूट, काका म्हणायचे चौदा. चौकोनात प्रतिमा जुळवून लेन्सवरचा आकडा वाचला की चौदा! दोन आठवडे हा खेळ चालला. त्यात एकदा माझ्या लक्षात आलं की काका स्वतः कधीच व्ह्यूफाइंडरला डोळा लावत नाहीत. विचारलं तर म्हणाले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण दुसऱ्या डोळ्याच्या पडद्याचा काहीतरी घोळ आहे, तो चौकोन आता दिसत नाही. म्हणून कॅमेरा माळ्यावर गेला होता. नजरेने अंतर मात्र आजही अचूक सांगतात. तेव्हा वाटणी अशी ठरली की अंतर त्यांनी सांगायचं आणि खातरजमा मी करायची. चौकोन मलाही जरा फिकाच दिसायचा, कारण आतल्या अर्धपारदर्शक आरशाचा मुलामा वयाबरोबर उतरतो. त्यावर एक घरगुती इलाज आहे. पुढच्या मोठ्या खिडकीच्या मधोमध काळ्या चिकटपट्टीचा तीळभर तुकडा लावायचा. तिथली मुख्य प्रतिमा दबते आणि दुसरी उठून दिसते.

इतर आजारपणं लवकर सांगून टाकते. मागच्या झाकणाच्या खाचेत प्रकाश अडवायला स्पंज असतो. त्याचं आपल्या इथल्या गरमीत डांबर झालं होतं. ते स्पिरिटने खरवडून काढलं आणि जागी काळी लोकर बसवली, काकूंच्या विणकामाच्या पिशवीतली. सेलचं प्रकरण जास्त गंमतीचं. हा कॅमेरा १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचा. पाऱ्याचे सेल आता मिळत नाहीत, आणि ते बंद झाले हे चांगलंच झालं. साधा दीड व्होल्टचा बटण सेल घातला तर मीटरला उजेड आहे त्यापेक्षा जास्त वाटतो आणि फोटो काळपट येतात. उपाय मिळतो औषधांच्या दुकानात! कानाच्या यंत्रात घालतात तो ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचा असतो. तो जरा लहान पडतो, म्हणून भोवती रबरी रिंग घालायची. वरचा कागद सोलला की तो हवेवर चालू होतो आणि मग वापरा न वापरा, काही महिन्यांत संपतो. दोन रियालसाठी कुरकुर करू नका.

आणि ऊन! या कॅमेऱ्याची खरी परीक्षा कतारचं ऊन घेतं. दुकानात सहज मिळते म्हणून सगळे ४०० ची फिल्म घालतात. भर उन्हात त्या फिल्मला शटर १/५०० आणि अ‍ॅपर्चर १६ लागतं, आणि या कॅमेऱ्याची धाव नेमकी तिथेच संपते. कॉर्निशवर पाणी चमकत असलं किंवा सीलाइनची वाळू समोर असली की त्याहून जास्त उजेड होतो, मीटरचा काटा लाल पट्ट्यात जातो आणि ऑटोवर असेल तर शटर दबतच नाही. कॅमेरा बिघडला असं समजू नये, तो नाही म्हणतोय. १०० ची फिल्म घाला, किंवा चार वाजेपर्यंत थांबा. काका म्हणतात थांबा.

शटरचा आवाज अगदी बारीक, जीभ टाळ्याला लागल्यासारखा. म्हणून चोरून फोटो काढायचा मोह होतो, तो टाळावा. इथे परवानगीशिवाय कुणाचा फोटो काढणं कायद्यात बसत नाही, आणि विचारलं की बहुतेक लोक आनंदाने उभे राहतात. सूक वाकिफमधल्या हमाल आजोबांनी तर आधी पगडी नीट केली, मग हातगाडी सरळ केली, आणि मग मान हलवली. तोपर्यंत माझ्या फोकसची चार वेळा उजळणी झाली होती.

काकांचे जुने फोटो बघायला बसलो ते कॅमेऱ्याची लेन्स कशी आहे हे कळावं म्हणून. लेन्स राहिली बाजूला. शेरेटन १९८२ साली उघडलं, त्या सुमाराचा फोटो: मोकळ्या भरावावर एकटा पिरॅमिड, आजूबाजूला काही म्हणजे काही नाही. आज तिथे टॉवरांच्या गर्दीत तो शोधावा लागतो. कहरबा स्ट्रीटवरच्या पाट्या, चहाच्या टपरीवर ओळीने बसलेली आपली माणसं, सगळ्यांच्या पँटी खाली घेरदार. त्या भागातल्या बऱ्याचशा जुन्या इमारती पुढे पाडल्या गेल्या आणि तिथे मुशैरिब डाउनटाउन उभं राहिलं. रस्त्याचं नाव उरलं, दुकानं गेली.

सगळ्या अल्बममध्ये काका कुठेच नाहीत. काकू आहेत, मुलं आहेत, पहिला फ्रिज आहे, दुसऱ्याच्या मालकीची टोयोटा आहे. "मग काढणार कोण?" काकू म्हणाल्या. "मला म्हणायचे, तुला तो चौकोन जुळवता येत नाही." कॅमेऱ्याला सेल्फ-टायमर आहे, पण काकांचा त्यावर विश्वास नव्हता.

एका शुक्रवारी दोघांना घेऊन कहरबा स्ट्रीटवर गेले. दुकान कुठे होतं यावर दोघांत पंधरा मिनिटं वाद झाला. शेवटी काकांनी क्लॉक टॉवरवरून दिशा धरून एका कॉफीच्या दुकानासमोर जागा नक्की केली आणि तिथे उभे राहिले. मी कॅमेरा काकूंच्या हातात दिला. काका तिकडून ओरडले, "नऊ फूट!" काकूंनी तिकडे लक्ष न देता कंगोरा फिरवला, बराच वेळ फिरवला, आणि म्हणाल्या, "दिसले. दोनाचे एक झाले." आकडा बघितला तर साडेआठ. काकांनी अंतर परत पावलांनी मोजलं, ही गोष्ट वेगळी.

रोल सुट्टीवर निघालेल्या एका मैत्रिणीबरोबर मुंबईला बोरा बाजारात धुवायला पाठवला. (विमानतळावर रोल हातात ठेवा आणि हाताने तपासायला सांगा. चेक-इन बॅगेत मुळीच टाकू नका, आणि नव्या सीटी स्कॅनरमध्येही जाऊ देऊ नका.) छत्तीसपैकी एकतीस फोटो आले. काकांचा फोटो आला आहे. डोळे मिटलेले आहेत, पण फोकस चोख आहे. काकूंनी तो मोठा करून घेतला.

आता मुद्द्याचं. काकांच्या प्रिंट लालसर पडल्या आहेत; त्या काळच्या रंगीत प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो. निगेटिव्हची अवस्था बरी होती, पण दोन पाकिटांना व्हिनेगरसारखा वास येत होता. फिल्मचा पाया उष्णतेने आणि दमटपणाने कुजायला लागल्याची ती खूण. एसी बंद करून दोन महिने सुट्टीवर गेलेल्या घरात काय होत असेल ते सांगायला नको. वास येणारी पाकिटं बाकीच्यांपासून वेगळी काढावीत, आणि सगळ्याच निगेटिव्ह थंड, कोरड्या जागी ठेवून आधी स्कॅन करून घ्याव्यात. काकांच्या साडेतीनशे झाल्या, अजून तितक्याच बाकी आहेत. सत्तर-ऐंशीच्या दशकात इथे आलेली आणखी चार-पाच कुटुंबं या वर्षी परत जाताहेत असं ऐकते. त्यांच्या माळ्यावर अशी पाकिटं असतील तर कार्गोत भरण्याआधी संपादकांकडे निरोप ठेवावा. स्कॅनर माझ्याकडे आहे, शुक्रवारी सकाळी मी घरीच असते, आणि मूळ निगेटिव्ह त्याच आठवड्यात परत मिळतील.