छातीतली डबी, मानेतली तार

छातीच्या डाव्या बाजूला, खांद्याच्या जरा खाली, कातडीच्या आत एक चपटी डबी. तिची तार कातडीखालूनच मानेपर्यंत जाते आणि व्हेगस नावाच्या नसेला वेटोळं घालून बसते. साधारण तीस सेकंद विजेचे हलके ठोके, मग पाच मिनिटं विश्रांती, रात्रंदिवस, झोपेतही. गोळ्यांना दाद न देणाऱ्या मिरगीवरचं हे यंत्र. डॉक्टर मंडळी त्याला व्हीएनएस म्हणतात.

मेंदूच्या आजारासाठी मान का धरायची? व्हेगसमधले दहापैकी सुमारे आठ तंतू शरीराकडून मेंदूकडे निरोप नेणारे असतात, म्हणून कवटी न उघडता मेंदूपर्यंत पोचायची वाट मानेतून सापडते. नस निवडतात ती डावी, कारण हृदयाचे ठोके ठरवणाऱ्या गाठीवर उजवीचा अंमल जास्त. पुढे मेंदूत नेमकं काय घडतं, याचा पूर्ण उलगडा मात्र अजून झालेला नाही.

कल्पना जुनी आहे. १८८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या जेम्स कॉर्निंगने मानेतली रक्तवाहिनी दाबून आणि नसेला वीज देऊन फिट थांबवायचा घाट घातला होता. मेंदूत रक्त जास्त झाल्याने फिट येते, ही त्याची समजूतच चुकीची निघाली आणि प्रयोग बारगळला. शंभर वर्षांनी फिलाडेल्फियाच्या जेकब झबारा यांनी कुत्र्यांवर काम करून तो धागा पुन्हा उचलला. १९८८ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात पहिल्या माणसाला डबी बसली. १९९७ मध्ये अमेरिकी सरकारने परवानगी दिली.

आता गुण किती? १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत १९६ रुग्ण होते. पुरेसा विद्युतप्रवाह मिळालेल्यांच्या फिट तीन महिन्यांत सरासरी २८ टक्क्यांनी घटल्या, नावापुरता मिळालेल्यांच्या १५ टक्क्यांनी. आकडा तसा बेताचाच. पण वर्ष-दोन वर्षांत गुण वाढत जातो आणि जवळपास निम्म्या रुग्णांच्या फिट अर्ध्यावर येतात. पूर्ण बंद होणारे थोडे. गोळ्या सुटत नाहीत, हे डबी बसवण्याआधीच घरच्यांना स्वच्छ सांगायला हवं.

डबीसोबत एक चुंबकही मिळतं. फिट येतेय असं वाटलं की रुग्णाने किंवा जवळच्या कुणीतरी ते छातीवरून क्षणभर फिरवायचं. एक जादा ठोका जातो. आपल्याकडे अशा वेळी अजून कांदा नाहीतर चप्पल हुंगवायला लोक धावतात, ज्याचा काडीचा उपयोग नाही. चुंबक डबीवर धरूनच ठेवलं तर ठोके थांबतात. याचाही उपयोग आहे: ठोका चालू असताना आवाज घोगरा होतो, घशात खवखवतं. भजनाला बसणाऱ्याने तेवढा वेळ चुंबक धरावं. एक पथ्य मात्र कडक. फिजिओथेरपीत सांध्यांना विजेच्या यंत्राने दिला जाणारा डायथर्मीचा शेक या माणसाला कुठेच द्यायचा नाही.

नांदेडजवळच्या अर्धापूरसारख्या केळीच्या गावातून या यंत्राकडे पाहिलं की वेगळाच हिशेब दिसतो. किंमत लाखांच्या घरात, ती आहेच. पण डबी बसवली म्हणजे काम झालं असं नाही. प्रवाह एकदम वाढवता येत नाही. पाव-पाव मिलिअँपिअरने, दर काही आठवड्यांनी, डॉक्टर छातीवर यंत्र धरून तो चढवतात. म्हणजे दर वेळी प्रवास, बुडालेली मजुरी आणि सोबत एक माणूस. नांदेडच्या डॉक्टर लेनपर्यंत जाणं सोपं, तासाभराचंही काम नाही. पण व्हीएनएस हाताळणारं केंद्र मुंबईत असेल, तर देवगिरी एक्स्प्रेसची अख्खी रात्र.

त्याआधीचीही एक पायरी आहे, आणि घोडं बहुतेकदा तिथेच अडतं. मिरगीच्या दहापैकी साधारण सात रुग्णांच्या फिट योग्य गोळ्यांनी आटोक्यात येतात. फिनोबार्बिटोन, फिनिटॉईन ही जुनी, स्वस्त औषधं. महिनाभर फिट आली नाही की ती परस्पर बंद केली जातात आणि फिट पुन्हा उलटते. अशा माणसाला डबीची गरज नाही, नेमाने गोळीची आहे. दोन योग्य औषधं पुरेशा मात्रेत घेऊनही फिट चालूच राहिली, तरच डॉक्टर पुढचा विचार करतात. तेव्हाही आधी पाहायचं ते हे, की फिटचं मूळ मेंदूत एकाच जागी आहे का आणि ते शस्त्रक्रियेने काढता येईल का. जमलं, तर तो उपाय डबीपेक्षा कितीतरी सरस. डबी उरते ती ज्यांना हेही शक्य नाही त्यांच्यासाठी.

अलीकडच्या काही मॉडेलांत प्रवाहाच्या पुढच्या पायऱ्या आधीच भरून ठेवता येतात. ठरल्या दिवशी डबी स्वतःच एकेक पायरी चढते. लांबच्या रुग्णाचे निदान काही हेलपाटे त्यामुळे वाचतात. काही मॉडेलं नाडी अचानक वाढल्याचं ओळखून आपणहून जादा ठोका देतात, कारण बऱ्याच जणांत फिटबरोबर हृदयाची गती वाढते. लांबच्या रुग्णाचे निदान काही हेलपाटे त्यामुळे वाचतात. बॅटरी काही वर्षांनी संपते. तेव्हा छोटी शस्त्रक्रिया करून तेवढी डबी बदलतात. तार तीच राहते, खर्च मात्र पुन्हा नव्याने उभा राहतो.