हरपलेला प्रकाश, परतलेला प्रकाश

दर्यापुरातील जिनिंगच्या शेडमध्ये पत्र्याच्या छिद्रातून उन्हाची तिरीप आत शिरली, म्हणजे एरवी मुळीच न दिसणारी कापसाची तूस तिरिपेपुरती उजळून निघते. आणि तीच तूस समोरच्या खिडकीतून येणारा उजेड किंचित मंदही करीत असते. वस्तू एकच, परंतु तिचा पुरावा दुहेरी: परतलेल्या प्रकाशाचा आणि वाटेत हरपलेल्या प्रकाशाचा. ध्रुवप्रदेशावरील स्थितांबरातील सूक्ष्म कणांच्या मोजणीचा गेल्या साडेचार दशकांचा इतिहास मला या दोन पुराव्यांच्या जुळवणीचाच वाटतो.

ऑक्टोबर 1978 मध्ये निंबस-7 उपग्रहाबरोबर सॅम-2 हे उपकरण अंतराळात गेले. दर प्रदक्षिणेत एक सूर्योदय व एक सूर्यास्त गाठून, वातावरणाच्या कडेतून येताना सूर्यप्रकाश किती घटला एवढेच ते नोंदवी. आणि कक्षेची योजनाच अशी, की हे दोन्ही प्रसंग ध्रुवांच्या आसमंतात घडत. परंतु त्या आडव्या वाटेत शेकडो किलोमीटरची हवा एकत्र मोजली जाई. म्हणून पुढच्याच महिन्यात ग्रीनलंडवर लायडार हे लेसर-उपकरण बसविलेले विमान नेऊन पडताळा घेण्यात आला. लेसरचा झोत वर जाऊन कणांवरून परते, आणि परतीला लागलेल्या वेळावरून थराची उंची ठरे. अडचण एवढीच, की परतलेल्या प्रकाशावरून हरपलेल्याचा हिशेब मांडावयाचा तर कणांचे आकारमान ठाऊक असावे लागते. त्यासाठी कण मोजणारे फुगे सोडावे लागले. नजर पैसेवारीवर न विसंबता शेतातील ठराविक तुकडा कापून उत्पन्न तोलावे, तशी ही खातरजमा होती. आणि त्रुटींच्या मर्यादेत मोजमापे जुळली.

या जुळणीचे मोल मला फार मोठे वाटते, कारण उणे 78 अंशांच्या आसपास आणि त्याखालच्या थंडीत, 15 ते 25 किलोमीटर उंचीवर हिवाळाभर ढग दाटतात, हे सॅम-2 ने दाखविले तेव्हा त्यावर विश्वास ठेवता आला. 1985 मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनची घट जाहीर झाली, आणि क्लोरीनला ओझोनभक्षक रूप याच ढगांच्या कणांवर मिळते असे पुढे उलगडले.

सूर्यावर अवलंबून असलेल्या उपकरणाला ध्रुवीय रात्र अगम्यच होती. 28 एप्रिल 2006 रोजी सोडलेला कॅलिप्सो उपग्रह लेसरच घेऊन गेला, आणि त्या दीर्घ अंधारातील ढगही तो पाहू लागला. तरीही पडताळ्यासाठी त्याच्या मार्गाखालून लायडारचे विमान उडविणे चुकले नाही. पुढे इंधन सरले, कक्षा उतरत गेली, सौरपट्ट्यांना पुरेसे ऊन मिळेनासे झाले, आणि 2023 मध्ये तो थांबला.