नाव आलं, बोलावणं यायचंय

विश्रांतवाडीच्या चौकातून आळंदी रस्त्याने दिघीकडे निघाले की लष्कर काही लांब राहत नाही. खडकीला बॉम्बे सॅपर्सचे केंद्र, दिघीच्या टेकडीवर आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, आणि डोक्यावर लोहगावच्या तळावरून उडालेली लढाऊ विमाने. विमान गेले की बोलणे थांबवायचे आणि आवाज विरला की वाक्य पुढे चालू करायचे, ही इकडच्या घरांची सवयच आहे. अशा भागात बारावीतल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने ‘एनडीए देतोय’, ‘एनडीए देतेय’ म्हटले तर कोणाला नवल वाटत नाही. नवल वाटते ते नंतर, निकालाला लागणाऱ्या वेळाचे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए, याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, खडकवासल्याला. तरी उत्तर यायला जवळजवळ वर्ष लागते आणि ते येते दिल्लीहून.

हा वेळ नेमका कुठे जातो, हे तारखांवरून नीट समजते. म्हणून एक फेरी नमुन्याला घेऊ : 2024 ची दुसरी परीक्षा. लेखी परीक्षा 1 सप्टेंबर 2024 ला झाली. लेखीचा निकाल 19 सप्टेंबरला लागला. अंतिम गुणवत्ता यादी 11 एप्रिल 2025 ला आली. ज्या तुकडीसाठी हे सगळे चालले होते, ती 154 वी तुकडी 2 जुलै 2025 पासून सुरू व्हायची होती. म्हणजे आधी 18 दिवस, मग 204 दिवस आणि शेवटी 82 दिवस. एकूण 304. हे तीन तुकडे एकसारखे नाहीत. प्रत्येक तुकड्यात कागद वेगळ्या हातात असतो आणि घरच्यांनी करायचे कामही वेगळे असते.

पहिला तुकडा सोपा. लेखी परीक्षा घेते केंद्रीय लोकसेवा आयोग, म्हणजे यूपीएससी. गणिताला 300 गुण आणि सामान्य क्षमता चाचणीला 600, असे एकूण 900. दोन्ही पेपर अडीच-अडीच तासांचे आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण वजा. निकाल म्हणून जी पीडीएफ येते तिच्यात रोल नंबरांच्या रांगा असतात. क्रम नंबरांचा असतो, हुशारीचा नाही. आपला नंबर दिसला तर पास, नाही दिसला तर नाही. किती गुण पडले हे तेव्हा कळत नाही. ते थेट अंतिम निकालानंतर, साधारण पंधरा दिवसांनी आयोगाच्या संकेतस्थळावर दिसतात. मधल्या काळात क्लासच्या उत्तरसूचीवरून काढलेला आकडा हा अंदाजच असतो आणि त्यावर घरात वाद घालण्यात अर्थ नसतो. या टप्प्यावर एकच काम तातडीचे : लेखी पास झालेल्याने दोन आठवड्यांच्या आत सैन्यभरतीच्या संकेतस्थळावर नोंदणी करायची. ती राहिली तर पुढचे बोलावणे येत नाही. पेढे वाटण्याच्या नादात हे विसरू नये.

दुसरा तुकडा सगळ्यात मोठा, 204 दिवसांचा. कारण देशभरातून लेखी पास झालेल्या हजारो मुलांना तुकड्या-तुकड्यांनी मुलाखतीला बोलवायचे असते. ही मुलाखत म्हणजे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड. सगळेच तिला ‘एसएसबी’ म्हणतात. भोपाळ, प्रयागराज, बेंगळुरू, जालंधर, म्हैसूर, देहरादून, गांधीनगर अशी तिची केंद्रे आहेत. पुण्याच्या मुलालाही रेल्वेने बाहेरगावी जावे लागते. त्या प्रकारच्या भरतीसाठी पहिल्यांदाच जात असेल तर थर्ड एसीचे जाण्या-येण्याचे भाडे मिळते. तिकीट मात्र जपून ठेवायचे.

एसएसबी पाच दिवसांची असली तरी पहिल्याच दिवशी बरेच जण परत निघतात. सकाळी बुद्धिमत्ता चाचणी होते. मग पडद्यावर एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात. ते पाहून चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग गटात सांगायची आणि शेवटी सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. दुपारी छातीवरच्या क्रमांकांनी नावे पुकारतात. ज्यांचा चेस्ट नंबर आला नाही ते ‘स्क्रीन आउट’. त्यांची बॅग संध्याकाळच्या गाडीत असते.

उरलेल्यांची मग तीन बाजूंनी पारख होते. मानसशास्त्राच्या चाचण्यांत बारा चित्रे असतात आणि त्यातले शेवटचे कोरे. साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद. साठ प्रसंग, सगळ्यांना मिळून तीस मिनिटे. मैदानावर गटाच्या कसरती : फळी, दोर आणि पिंप वापरून अडथळा ओलांडायचा, आपली छोटी तुकडी घेऊन एक काम तडीला न्यायचे, एकट्याने अडथळे पार करायचे. आणि तिसरी, अधिकाऱ्याने घेतलेली वैयक्तिक मुलाखत. एसएसबीच्या वर्तुळात या तिन्हींना मनसा, वाचा, कर्मणा म्हणतात : मनात काय आहे, बोलता काय आणि करता काय. तिन्ही परीक्षक एकमेकांना न विचारता आपापले मत नोंदवतात आणि पाचव्या दिवशी एका टेबलाभोवती बसतात. हीच ‘कॉन्फरन्स’. मुलगा आत जातो, दोन-चार साधे प्रश्न विचारतात, तो बाहेर येतो. नंतर पुन्हा चेस्ट नंबर वाचतात. एखाद्या गटातून चार-पाच, एखाद्यातून एक, तर एखाद्यातून कोणीच नाही. पाच दिवस राहून यादीत न आलेल्याला मुले ‘कॉन्फरन्स आउट’ म्हणतात.

ज्याचे नाव आले तो ‘रेकमेंड’ झाला. घरचे सगळ्यात जास्त चुकतात ते इथे. मुलगा फोनवर ‘रेकमेंड झालो’ म्हणतो, आजी ‘सिलेक्शन झालं’ असे ऐकते आणि सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनाचे फुगे उडू लागतात. रेकमेंड म्हणजे बोर्डाची शिफारस मिळाली, एवढेच. जागा मिळाली असे नाही.

रेकमेंड झालेल्यांची लगेचच त्या भागातल्या लष्करी रुग्णालयात वैद्यकीय तपासणी होते. डोळे, कान, नाक, दात, पाय, वजन, रक्तदाब, सोनोग्राफी, एक्स-रे. इथे अनेकांना ‘तात्पुरते अपात्र’ असा शेरा मिळतो आणि घरी रडारड होते. पण आयोग आपल्या परीक्षेच्या अधिसूचनेतच सांगून ठेवतो, की कानातला मळ, नाकाचा वाकडा पडदा, हायड्रोसील, जास्त किंवा कमी वजन, टॉन्सिल्स, मूळव्याध असे दोष आधीच तपासून घ्या, हवे तर दुरुस्त करून घ्या. लेखीचा निकाल लागला त्या आठवड्यात गल्लीतल्या कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जाऊन कान साफ करून घेतले तर पुढचा एक हेलपाटा वाचतो. शेरा मिळालाच, तर हातात दिलेल्या कागदावर फेरतपासणीचे रुग्णालय आणि मुदत लिहिलेली असते. तो कागद त्याच संध्याकाळी घरच्यांनीही वाचावा, कारण मुदत त्या दिवसापासून धावू लागते. फेरतपासणीवर अपील करायची सोयही आहे. हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी संगणकावरची पायलट चाचणीही असते. ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झाल्यास ती वाट बंद होते, भूदल-नौदलाची नाही.

या 204 दिवसांतली खरी ओढाताण मात्र वेगळीच. महाराष्ट्राची बारावीची परीक्षा 11 फेब्रुवारी 2025 ला सुरू झाली. एसएसबीची बोलावणी हिवाळ्यापासून पुढेच येत असतात. आणि 2025 च्या पहिल्या एनडीए परीक्षेचा अर्ज भरायची मुदत डिसेंबर 2024 च्या अखेरीस संपली. ती परीक्षा झाली 13 एप्रिल 2025 ला, म्हणजे आधीचा अंतिम निकाल लागल्यानंतर दोनच दिवसांनी. ‘निकाल लागू दे, मग पुढचा फॉर्म भरू’ असे म्हणून डिसेंबरमध्ये बसून राहिलेल्या मुलाचा एक प्रयत्न निकाल लागायच्या आधीच हातचा गेला. वयाची खिडकी साडेसोळा ते साडेएकोणीस. बारावीच्या अटीमुळे त्यात हाताशी प्रयत्न मोजकेच राहतात. म्हणून पहिले उत्तर यायच्या आत दुसरा फॉर्म भरायचा. हे अविश्वासाचे लक्षण नाही, वेळापत्रक तसे आहे.

आता 11 एप्रिलची यादी. लेखीचे 900 आणि एसएसबीचे 900, असे 1800 गुण मिळून क्रम लागतो. त्या फेरीत शेवटच्या उमेदवाराचे एकूण गुण होते 673. शंभरातले 38 देखील होत नाहीत, असे बारावीत नव्वद टक्के पाहिलेल्या बाबांना वाटते. पण 2022 च्या पहिल्या परीक्षेत हा आकडा 720 होता आणि 2023 च्या दुसऱ्या परीक्षेत 656. या परीक्षेत टक्क्यांची भाषा चालत नाही, क्रमाची चालते.

क्रमाचेही एक गणित आहे. 2024 च्या दुसऱ्या परीक्षेच्या जागा साधारण 404 होत्या : प्रबोधिनीच्या 370 (भूदल 208, नौदल 42, हवाई दल 120) आणि बाकी नौदल अकादमीच्या. यादीत नावे आली 792. म्हणजे जवळजवळ दुप्पट. कारण यादी बनवताना वैद्यकीय निकाल धरलेलाच नसतो. यादीच्या सुरुवातीला आयोग ते स्पष्ट लिहितो. वरच्यांतले काही मेडिकलमध्ये गळतात, काही पायलट चाचणीत अडकतात, काहींना आधीच दुसरीकडे जागा मिळालेली असते. शिवाय अर्जात प्रत्येकाने सेनादलांचा पसंतीक्रम दिलेला असतो. सव्वातीनशेवा मुलगा फक्त नौदल मागत असेल तर तो मागे राहतो आणि साडेचारशेवी मुलगी भूदलाच्या मुलींच्या जागांमध्ये पुढे सरकते.

मुलींचे हे दार नवे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट 2021 च्या अंतरिम आदेशानंतर त्या पहिल्यांदा 14 नोव्हेंबर 2021 ला ही परीक्षा देऊ शकल्या. त्या पहिल्या तुकडीतल्या 17 जणी 30 मे 2025 ला खडकवासल्याच्या मैदानावरून संचलन करून बाहेर पडल्या.

यादीनंतर कागद आयोगाच्या हातून सैन्य मुख्यालयाच्या भरती विभागाकडे जातो. हा तिसरा, 82 दिवसांचा तुकडा. जन्मतारखेचा आणि शिक्षणाचा पुरावा ठरलेल्या तारखेच्या आत पोचवायचा असतो. बारावीचा निकाल 5 मे 2025 ला लागला, तेव्हा गुणपत्रिका हाती येताच प्रत पाठवणे हे मे महिन्यातले पहिले काम. नावाच्या स्पेलिंगमध्ये दहावीच्या आणि आधारच्या कागदांत फरक असेल तर तो आत्ताच निस्तरावा. मग येते ते जॉइनिंग लेटर, आणि सोबत सूचनांचा गठ्ठा : काय आणायचे, पालकांनी कोणते बंधपत्र भरायचे, कधी हजर व्हायचे. वरच्या क्रमांकांना ते आधी येते. मधल्यांना मात्र जागा रिकाम्या होतील तसतशी वाट पाहावी लागते, अगदी जूनच्या शेवटापर्यंत.

या काळात करू नये असे एक काम आहे : कॉलेजचा प्रवेश टाळणे. सीईटी दिलेली असेल तर प्रवेशफेरीत भाग घ्यावा. नसेल तर जवळच्या कॉलेजात प्रथम वर्षाला नाव घालावे. बोलावणे आले तर दाखला परत काढता येतो. आले नाही तर जुलैत घरी बसायची वेळ येत नाही. जेईई मेन दिलेल्यांना भूदलाची दहा अधिक दोन तांत्रिक प्रवेशाची वाटही आहे, आणि पदवीनंतर सीडीएस आणि एएफकॅट या परीक्षा.

आता समजा, 20 जून 2025 ची सकाळ आहे. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी दिघीवरून विश्रांतवाडीत आली आहे. चौकात टाळ-मृदंगाचा गजर, रस्त्याच्या कडेला केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि पाण्याची पिंपे. सोसायटीच्या फाटकाशी एक निवृत्त सुभेदार, त्यांची आई आणि तिचा बारावी झालेला नातू वारकऱ्यांना चहा देताहेत. नातवाचा यादीतला क्रमांक साडेतीनशेच्या आसपास. मेडिकलमध्ये फिट. कॉलेजची फी भरलेली. पुढच्या परीक्षेचा फॉर्मही गेलेला.

आजी कपात चहा ओतताना विचारते, “काय रे, झालं का तुझं?”

“नाव आलंय आजी. बोलावणं यायचंय.”

“मग ठीक आहे,” आजी म्हणते. “तो डबा इकडे कर, लाडू संपत आलेत.”