डीजे-सॉफ्टवेअरची निवड आणि उत्पादकाच्या पाठबळाची अनिश्चितता : मीरा-भाईंदरच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मीरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ मध्ये स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. उत्तन-चौक परिसरातील कोळीवाडे, आगरी समाजाची जुनी गावे आणि मुंबईतून घराच्या शोधात आलेली मराठी, गुजराती, राजस्थानी कुटुंबे अशी या शहराची संमिश्र वस्ती आहे. साहजिकच वर्षभर येथे कोठे हळद, कोठे वरात, कोठे गरबा चालू असतो. पूर्वी अशा प्रसंगी ब्रास बॅण्ड किंवा बॅन्जो पार्टी असे. आता बहुतेक ठिकाणी डीजे असतो. डीजेच्या आवाजाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ती तक्रार रास्तच आहे. परंतु या व्यवसायात अनेक तरुणांचे भांडवल आणि कष्ट गुंतलेले आहेत व त्या कष्टांचा मोठा भाग परदेशी कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये साठवलेला असतो, या बाजूकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. हे सॉफ्टवेअर कोणत्या कसोटीवर निवडावे आणि उत्पादकाचे पाठबळ अनिश्चित असताना त्याला किती काळ धरून राहावे, या प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

सॉफ्टवेअरमध्ये नेमके काय साठते?

डीजे-सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील दोन किंवा अधिक तबकड्या होत. एक गाणे संपत आले की दुसऱ्याची गती पहिल्याशी जुळवून ते अलगद आत आणायचे, हे डीजेचे मूळ काम. त्यासाठी सॉफ्टवेअर प्रत्येक गाण्याचे पृथक्करण करते, त्यातील ठोके शोधते आणि त्यांवर समान अंतराच्या उभ्या रेषा आखते. या रेषांना आपण मात्रांची जाळी म्हणू. याशिवाय ध्रुपद कोठे सुरू होते, ढोल कोठे वाजतो, कोठून गाणे तोडणे सोयीचे आहे, अशा खुणा डीजे स्वतः करून ठेवतो. गाणी कोठूनही पुन्हा मिळतात. या खुणा मात्र ज्याच्या त्यालाच पुन्हा कराव्या लागतात.

येथे आपल्याकडील एक विशेष नोंदवणे आवश्यक आहे. ही सॉफ्टवेअरे प्रामुख्याने पाश्चात्त्य नृत्यसंगीत डोळ्यांपुढे ठेवून घडली. ते संगीत बहुधा चार मात्रांच्या आवर्तनात चालते आणि यंत्रावर निर्माण झाल्यामुळे त्याची गती आरंभापासून शेवटपर्यंत तसूभरही हलत नाही. गरब्यातील हींच हा मात्र सहा मात्रांचा ताल आहे. कोळीगीतांतही सहा मात्रांचा ठेका वारंवार येतो. अशा ठेक्यातील सहा मात्रा दोन गटांत मोजायच्या की तीन गटांत, याचा निर्णय संगणकाला अनेकदा करता येत नाही आणि मग तो मूळ गतीच्या दीडपट किंवा दोनतृतीयांश आकडा दाखवतो. शिवाय जुनी ध्वनिमुद्रणे प्रत्यक्ष वादकांनी वाजवलेली आहेत. ढोलकीवाला रंगात आला की लय चढते. ती चढावी अशीच श्रोत्यांची अपेक्षा असते, परंतु समान अंतराची जाळी तिसऱ्या कडव्यापर्यंत पार घसरलेली असते. परिणामी येथील डीजेला जाळी हाताने, कडव्यागणिक, कानाने ऐकून बसवावी लागते. बर्लिनमधील डीजेचे जे काम यंत्र क्षणात करते, त्यासाठी भाईंदरच्या डीजेला एकेका गाण्यामागे बराच वेळ बसावे लागते. म्हणूनच एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाण्याची किंमत आपल्याकडे अधिक पडते.

उत्पादकांचा पूर्वेतिहास

हे क्षेत्र जेमतेम पाव शतकाचे आहे आणि तेवढ्यातच त्यात पुष्कळ उलथापालथ झाली. डच अभियंत्यांनी घडवलेली 'फायनल स्क्रॅच' ही प्रणाली स्टँटन या अमेरिकन कंपनीने विसाव्या-एकविसाव्या शतकाच्या संधीवर बाजारात आणली. आज ती केवळ इतिहासात आहे. २००४ मध्ये न्यूझीलंडची सेराटो आणि अमेरिकेची रेन या दोन कंपन्यांनी 'स्क्रॅच लाइव्ह' आणले. ते जगभर रुजले. पुढे २०१२ च्या अखेरीस 'सेराटो डीजे' हे नवे सॉफ्टवेअर आले आणि काही वर्षांतच जुने निवृत्त करण्यात आले. स्क्रॅच लाइव्हबरोबर मिळणारी एसएल १ ही मूळ पेटी नव्या सॉफ्टवेअरने स्वीकारलीच नाही; पेटी धडधाकट, पण निरुपयोगी. रेन कंपनी २०१६ मध्ये इनम्युझिक समूहाकडे गेली.

पायोनियरचा डीजे-विभाग २०१५ मध्ये केकेआर या गुंतवणूक संस्थेकडे आणि २०२० मध्ये नोरित्सू या जपानी कंपनीकडे गेला. त्याच वर्षी त्याच्या 'रेकॉर्डबॉक्स' सॉफ्टवेअरमध्ये मासिक वर्गणीची पद्धत आली. अल्फाथीटा असे नाव धारण केलेल्या याच कंपनीने २०२३ मध्ये सेराटो विकत घेण्याचे ठरवले. न्यूझीलंडच्या वाणिज्य आयोगाने जुलै २०२४ मध्ये त्यास संमती नाकारली. त्यानंतर २०२५ मध्ये सेराटोचा बहुतांश हिस्सा टायनी या कॅनडातील कंपनीने घेतला. ऑकलंड, टोकियो किंवा न्यूयॉर्क येथील अशा निर्णयांचा परिणाम मीरा रोडच्या मंडपापर्यंत पोहोचतो. तेथे त्याची पूर्वसूचना मात्र कोणालाच नसते.

याउलट टेक्निक्सच्या एसएल-१२०० या तबकडीयंत्राचे उदाहरण पाहावे. १९७२ मध्ये आलेल्या या यंत्राचे उत्पादन २०१० मध्ये थांबले आणि २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाले. मधल्या सहा वर्षांत जुनी यंत्रे चालूच राहिली, कारण ती दुरुस्त करणारा कारागीर कंपनीच्या अनुमतीवर अवलंबून नव्हता.

एक अनुभव

आमच्या महाविद्यालयाचा एक माजी विद्यार्थी भाईंदर पूर्वेला हा व्यवसाय करतो. काही वर्षांपूर्वी घटस्थापनेच्या आदल्या रात्री त्याच्या लॅपटॉपची मूळ प्रणाली आपोआप अद्ययावत झाली आणि कंट्रोलर ओळखला जाईना. त्या कंट्रोलरचे उत्पादन थांबलेले होते. नव्या प्रणालीसाठी लागणारा ड्रायव्हर निर्मात्याने काढलाच नव्हता. मित्राकडून दुसरा संच आणला, त्यात सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीचे. गाणी सर्व होती. खुणा आणि जाळ्या एकही नाही. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. वर्षातील मोजक्या दिवशीच मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते. म्हणजे चुकत-माकत शिकायलाही सवड नाही. पहिल्या दोन रात्री त्याने केवळ कानावर निभावल्या आणि आयोजकांनी ठरलेल्या बिदागीतून रक्कम कापली. "सर, गाणी नाही गेली, माझी चार वर्षं गेली," हे त्याचे शब्द मला अजून आठवतात.

निवडीची कसोटी

या अनुभवानंतर तुलनात्मक तक्त्यांतील गुणविशेषांकडे मी वेगळ्या दृष्टीने पाहू लागलो. कोणती कंपनी टिकेल, याचे भाकीत करणे आपल्या हाती नाही. आपण केलेले काम कोठे आणि कोणत्या रूपात साठते, हे मात्र खरेदीपूर्वीच तपासता येते. सेराटो आपल्या खुणा बव्हंशी गाण्याच्या फाइलमध्येच लिहून ठेवते. गाणे हलवले की खुणाही त्याच्याबरोबर जातात. ट्रॅक्टर व व्हर्च्युअल डीजे यांची सूची वाचता येण्याजोग्या मजकूर-फाइलमध्ये असते. रेकॉर्डबॉक्सच्या सहाव्या आवृत्तीपासून मूळ माहितीसाठा कुलूपबंद आहे, तरी त्याची प्रत एक्सएमएल स्वरूपात बाहेर काढता येते. 'मिक्स' हे मुक्त सॉफ्टवेअर २००१ च्या सुमारास डॉक्टरेटच्या संशोधनातून जन्मले, ही गोष्ट प्राध्यापकवर्गास विशेष वाटावी. त्याचा स्रोत खुला असल्याने ते बंद करण्याचा अधिकार एका कंपनीकडे नाही. सर्व कंट्रोलर त्याला चालतात असे नाही, ही त्याची खरी अडचण.

धरून राहणे हा अनेकदा आळस समजला जातो. माझे मत वेगळे आहे. लॅपटॉप, मूळ प्रणाली, ड्रायव्हर व सॉफ्टवेअर हे चारही एकमेकांशी जुळलेले असतील, तर तो संच गोठवून वापरणे हा शहाणपणाचा व्यवहार होय, मात्र त्यावर इंटरनेट वापरू नये आणि कामाची प्रत बाहेर असावी. २०१९ मध्ये ॲपलने आयट्यून्स बंद करून ३२-बिट सॉफ्टवेअरही वगळले, तेव्हा अद्ययावत होण्याची घाई केलेल्यांचीच अधिक ओढाताण झाली. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. इंटरनेटपासून दूर ठेवलेला लॅपटॉप त्या तारखेनंतरही गाणी वाजवतोच. अर्थात सुटे भाग मिळेनासे झाले की हा मार्ग खुंटतो. वर्गणीवर घेतलेले सॉफ्टवेअर तर गोठवताच येत नाही.

मराठीच्या प्राध्यापकांना हे सर्व परके वाटू नये. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या फॉण्टमध्ये अक्षरजुळणी केलेले प्रबंध, टिपणे आणि प्रश्नपत्रिका आपल्यापैकी अनेकांच्या संग्रही आहेत. माझा एम.फिल.चा लघुप्रबंध आज उघडला तर पडद्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. छापील प्रत होती म्हणून तो वाचला. डीजेच्या खुणांची छापील प्रत निघत नाही.

तो विद्यार्थी आता दोन लॅपटॉप बाळगतो. जुन्यावर इंटरनेट कायमचे बंद आहे. कोजागिरी झाली की दिवाळीच्या सुट्टीत तो खुणांची सूची बाहेर काढतो, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहतो, आणि हींचची गाणी एकेक करून पुन्हा ऐकतो, कारण रूपांतरात सहा मात्रांची सम अजूनही अधूनमधून घसरते.