चार सुरांचं 'स्मोक ऑन द वॉटर'

४ डिसेंबर १९७१. स्वित्झर्लंडमधल्या मॉन्त्रू गावी, जिनिव्हा सरोवराच्या काठावरच्या कॅसिनोत फ्रँक झॅपाचा कार्यक्रम रंगला होता. प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताच्या दिशेने फ्लेअर गन झाडली आणि बघता बघता इमारत जळून गेली. 'डीप पर्पल' हा ब्रिटिश बँड तिथेच आपला नवा अल्बम ध्वनिमुद्रित करणार होता. रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ भाड्याने घेतलेला, पण वाजवायला जागाच उरली नाही. सरोवरावर पसरलेला धूर त्यांनी पाहिला होता. पुढे एका सकाळी बासवादक रॉजर ग्लोव्हर जागा झाला, तो 'स्मोक ऑन द वॉटर' हे शब्द तोंडात घेऊनच.

संगीत मुद्रित झालं पॅव्हिलियन नावाच्या थिएटरात. आवाज इतका, की तक्रारी होऊन पोलीस आले. मग बँडने हिवाळ्यात बंद असलेल्या ग्रँड हॉटेलात बस्तान हलवलं. गाण्याचे बोल म्हणजे या साऱ्याचा सरळ वृत्तांत आहे. लोकांना आगीतून बाहेर काढणारा क्लॉड नॉब्ससुद्धा त्यात आहे.

पण गाणं ओळखू येतं ते बोल सुरू होण्याच्या कितीतरी आधी, रिची ब्लॅकमोरच्या गिटारवरच्या रिफमुळे, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या स्वरवाक्यामुळे. पाश्चात्त्य 'जी' हा सा धरा. सा, कोमल ग, म. पुन्हा सा, कोमल ग, मग तीव्र मध्यमाला शिवून शुद्ध मध्यम. पुन्हा सा, कोमल ग, म, आणि त्याच वाटेने परत सा. एवढंच! दोन मध्यम शेजारी शेजारी ऐकायची सवय ललत ऐकणाऱ्या कानांना असते. इथला तीव्र मध्यम मात्र ब्लूजमधून आलेला आहे.

खरी करामत पुढे आहे. ब्लॅकमोर यातला एकही स्वर एकटा वाजवत नाही. सा सोबत खालचा पंचम, तसाच प्रत्येक स्वरासोबत त्याच्या खालचा जोडीदार, आणि दोघांत ४:३ हे साधं प्रमाण. अॅम्प्लिफायरमध्ये आवाज मुद्दाम फाडला, की दोन स्वरांच्या कंपनसंख्यांच्या वजाबाकीचा तिसरा स्वरही उमटतो. रिफच्या सुरुवातीला दोन तारा मोकळ्या वाजतात, सुमारे १९६ आणि १४७ हर्ट्झच्या. वजाबाकी ४९, म्हणजे दोन सप्तकं खालचा सा! गिटारवर न छेडलेला खर्ज त्यात आपोआप मिसळतो. प्रमाण गुंतागुंतीचं असतं, तर हाच फाटका आवाज गढूळ झाला असता.

त्यात जॉन लॉर्डने हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अॅम्प्लिफायरला जोडून तोच रिफ वाजवला, म्हणून दोन वाद्यं एकजीव वाटतात. सुरुवातीला एकटी गिटार, मग ऑर्गन आणि इयन पेसचा हाय-हॅट, नंतर पूर्ण ड्रम, मग बास आणि शेवटी इयन गिलनचा गळा. एकेक थर चढतो, रिफ मात्र तसूभरही हलत नाही. माझ्या मते या गाण्याचं आयुष्य या संयमात आहे.

मार्च १९७२ मध्ये 'मशीन हेड' अल्बम आला, तेव्हा बँडने सिंगलसाठी निवडलं होतं 'नेव्हर बिफोर'. 'स्मोक ऑन द वॉटर' अमेरिकेत सिंगल म्हणून निघालं १९७३ साली आणि बिलबोर्डच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं.

गिटार हाताशी असेल, तर हा रिफ जरूर वाजवून पाहा. फक्त प्लेक्ट्रम बाजूला ठेवा. ब्लॅकमोर दोन्ही तारा बोटांनी एकाच क्षणी खेचतो. प्लेक्ट्रमने त्या एकीमागून एक वाजतात, आणि तो ठोसा येत नाही.