अक्षम्य पाप कोणते?

शास्त्रपाठाच्या तासाला मार्काच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय आला की वर्गात एक प्रश्न हटकून निघतो. मनुष्यांच्या इतर सर्व पापांची क्षमा होईल, पण पवित्र आत्म्याची जो निंदा करील त्यास क्षमा नाही, अशा आशयाचे प्रभू येशूचे वचन तेथे आहे. ते ऐकून काही विद्यार्थी वादासाठी विचारतात, 'मग देवाच्या दयेलाही मर्यादा आहे म्हणावयाची?' ह्या विद्यार्थ्यांची आम्हांस फारशी काळजी वाटत नाही. एखादा मात्र तासभर गप्प बसतो आणि मागाहून एकटाच येऊन हळूच विचारतो, 'हे पाप नकळत होऊ शकते काय?' प्रस्तुत लेख मुख्यत्वेकरून ह्या दुसऱ्या विद्यार्थ्यासाठी, व घरी तोच प्रश्न ज्यांना ऐकावा लागतो त्या मातापितरांसाठी आहे.

कोणत्याही वचनाचा अर्थ लावण्यापूर्वी ते कोणास उद्देशून व कोणत्या प्रसंगी बोलले गेले हे पाहिले पाहिजे. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात हा प्रसंग अधिक विस्ताराने आला आहे. एका आंधळ्या व मुक्या भूतग्रस्तास येशूने बरे केले. तो मनुष्य लोकांसमोर उभा राहून पाहू व बोलू लागला. घडलेली गोष्ट नाकारण्याची सोयच उरली नाही. तेव्हा परूशी (मार्काच्या वृत्तान्तात यरुशलेमाहून आलेले शास्त्री) म्हणू लागले की, हा भुतांचा अधिपती बालजबूल ह्याच्या साहाय्याने भुते काढतो. म्हणजे काम चांगले आहे हे डोळ्यांना दिसत असता ते सैतानाचे आहे असा त्यांनी निवाडा केला. मार्क ह्या ठिकाणी एक लहानसे वाक्य स्वतःच्या पदरचे जोडतो: येशूला अशुद्ध आत्मा लागला आहे असे ते म्हणत होते, म्हणून तो असे बोलला. पुष्कळ वाचक हे वाक्य ओलांडून पुढे जातात. आमच्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली तेथेच आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या शास्त्र्यांना येशूने हाकलून दिले नाही. जवळ बोलावून दृष्टान्तांनी समजाविले. ज्यांची आशाच सुटली, त्यांची समजूत घालण्याचे श्रम कोण घेईल?

आपल्याकडे पंचमहापातकांची कल्पना रूढ असल्यामुळे हे अक्षम्य पापही सर्वांत भयंकर असे एखादे कृत्य असले पाहिजे, असा तर्क सहज होतो. परंतु कृत्याच्या भयंकरपणावर ही गोष्ट अवलंबून नाही. दाविदाने उरीयाची बायको घेतली व उरीयाला युद्धाच्या तोंडी देऊन मारविले. मनश्शे राजाने स्वतःच्या मुलांचा होम केला व यरुशलेम निरपराध्यांच्या रक्ताने भरले. तो बाबेलात बंदिवान असता नम्र झाला व त्याची प्रार्थना देवाने ऐकली, असे इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात नमूद आहे. पौल तर आपण पूर्वी निंदक होतो असे स्वमुखाने सांगतो. म्हणजे नुसते तोंडातून निंदेचे शब्द निघणे हेही ते पाप नव्हे. रागाच्या भरात देवाला काही बोलून गेलेल्या किंवा मनात नको ते शब्द आपोआप येतात म्हणून भ्यालेल्या मुलांनी पौलाचे उदाहरण विसरू नये. वाल्या कोळ्याची कथा ज्यांच्या घरी सांगितली जाते, त्यांनाही हा विचार अगदीच परका वाटणार नाही.

मग ते पाप आहे तरी काय? समजा, गावात गोड्या पाण्याची एकच विहीर आहे. एक मनुष्य आपल्या डोळ्यांनी लोकांना तिचे पाणी पिऊन टवटवीत झालेले पाहतो, तरी विहिरीत विष आहे असेच ठासून सांगतो व स्वतः तिच्याकडे कधी फिरकत नाही. तो तहानेने मेला, तर विहिरीने त्यास पाणी नाकारले असे म्हणता येईल काय? पापाची जाणीव करून देणे व मनुष्याला देवाकडे वळविणे हे ख्रिस्ती विश्वासाप्रमाणे पवित्र आत्म्याचे कार्य आहे. त्या कार्यालाच जाणूनबुजून सैतानी ठरविणारा क्षमेकडे जाण्याची वाट स्वतःच बुजवितो. संत ऑगस्टीन (३५४–४३०) ह्याने ह्या वचनावर सविस्तर प्रवचन केले असून, मरेपर्यंत पश्चात्तापाला नकार देणारे कठीण अंतःकरण हेच ते पाप, असा अर्थ लावला आहे. ह्यावरून पुष्कळ धर्मगुरू असे सांगत आले आहेत की, हे पाप आपल्या हातून घडले असेल काय, अशी ज्यास धास्ती वाटते त्याने ते केलेले नाही. त्या शास्त्र्यांना अशी धास्ती वाटल्याचा उल्लेख कोठेही नाही.

हा केवळ पुस्तकी वाद नव्हे. इ. स. २५० च्या सुमारास रोमचा बादशहा डेसियस ह्याने हुकूम काढला की, प्रत्येकाने देवतांपुढे यज्ञ करून तसा दाखला घ्यावा. असे दाखले इजिप्तमध्ये पपायरसावर लिहिलेले सापडले आहेत. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी प्राणभयाने यज्ञ केला. काहींनी यज्ञ न करता पैसे देऊन नुसता दाखला मिळविला. छळ थांबल्यावर ही मंडळी रडत परत आली. ज्यांचे आप्त तुरुंगात मेले होते त्यांनी ह्यांना आत घ्यावे काय? रोममध्ये नोवेशियन नावाच्या विद्वान धर्मोपदेशकाने 'नाही' असे उत्तर दिले व २५१ साली वेगळी मंडळी काढली. इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय, ज्यात विश्वासातून पतन पावलेल्यांबद्दल फार कडक शब्द आहेत, हा ह्या कडव्या पक्षाचा आवडता आधार होता. कार्थेजचा बिशप सिप्रियन ह्याने मधला मार्ग धरला: दाखला विकत घेणाऱ्यांची चौकशी करून त्यांस परत घ्यावे, यज्ञ करणाऱ्यांनी दीर्घकाळ प्रायश्चित्त करावे, आणि पुढे नवा छळ जवळ आलेला दिसताच त्याने त्यांनाही आत घेतले. अखेर ३२५ साली नायसीया येथील परिषदेने ठरविले की, मरणोन्मुख मनुष्य कोणीही असो, त्यास अखेरचा प्रभुभोज नाकारू नये. नोवेशियनच्या मागे शुद्ध अंतःकरणाचे लोक होते हे आम्ही नाकारीत नाही. पण मंडळीने त्याचे ऐकले नाही हे फार बरे झाले.

'यात्रिकक्रमण' ह्या नावाने १८४१ साली हरि केशवजी ह्यांनी मराठीत आणलेला ग्रंथ आपल्या जुन्या ख्रिस्ती घरांत परिचित होता. त्यात लोखंडी पिंजऱ्यातील एक निराश मनुष्य आहे. आपल्याला पश्चात्ताप करताच येत नाही, असे तो म्हणतो. मूळ ग्रंथकार जॉन बन्यन स्वतः त्या पिंजऱ्याच्या दारापर्यंत जाऊन आला होता. आपण ख्रिस्ताला विकले, आता क्षमा नाही, ह्या विचाराने तो दीर्घकाळ तळमळत होता. ती हकीकत त्याने १६६६ साली प्रसिद्ध केली.

ह्याहून चमत्कारिक जोडी म्हणजे जॉन न्यूटन (शास्त्रज्ञ न्यूटन तो हा नव्हे) व विल्यम कूपर. न्यूटन गुलामांची जहाजे चालवीत असे. १७५४ पर्यंत तो त्या धंद्यात होता. पुढे तो ओल्नी येथे धर्मोपदेशक झाला. कूपर हा कवी त्याचा स्नेही. स्वभावाने इतका कोमल की घरात ससे पाळून त्यांच्यावर त्याने लिहावे. दोघांनी मिळून १७७९ साली गीतसंग्रह छापला, आणि त्यातील गीते आजही जगभर गायिली जातात. ज्याच्या जहाजांत माणसे साखळदंडांनी बांधलेली होती, त्यास क्षमेची खात्री होती. १७८८ साली त्याने पत्रक छापून त्या धंद्याचे क्रौर्य स्वतःच्या नावानिशी जगापुढे मांडले. क्षमा मिळाली म्हणून कृत्य झाकून ठेवावे असे त्यास वाटले नाही. आणि ज्याने कोणाला दुखविले नाही तो कूपर मात्र १७७३ पासून १८०० मध्ये मरेपर्यंत, आपल्याला देवाने कायमचे टाकले आहे असेच समजत राहिला. आज आपण त्यास मनाचा आजार म्हणू, आणि ते योग्यच होईल. मातापितरांस आमचे एवढेच सांगणे आहे की, मूल असल्या भीतीने झोप व अन्न टाकू लागले, तर त्यास केवळ वचने पाठ करावयास लावू नये. पाळकांबरोबर डॉक्टरांकडेही न्यावे.

राहिला यहूदा इस्कर्योताचा प्रश्न, व त्याबरोबर आत्महत्येचा. एकाच रात्री पेत्राने नाकारले व यहूदाने धरून दिले. दोघांनाही दुःख झाले. पण यहूदाने आपली कबुली दिली ती मुख्य याजकांपुढे. त्यांनी 'त्याचे आम्हांला काय?' अशा अर्थाचे उत्तर देऊन त्यास वाटेला लावले. पेत्र इतर शिष्यांत राहिला, म्हणूनच तिबिर्याच्या समुद्रकाठी त्याची पुन्हा भेट झाली. ह्यावरून, स्वतःचा जीव घेणाऱ्यास पश्चात्तापाला वेळच उरत नाही, म्हणून त्याची क्षमा नाही, असा समज ख्रिस्ती लोकांत शतकानुशतके चालत आला. इंग्लंडच्या मंडळीच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात अशा मृताच्या दफनविधीला मनाई होती. रोमन कॅथॉलिक मंडळीच्या १९१७ च्या धर्मसंहितेतही जाणूनबुजून प्राण देणाऱ्यास धार्मिक दफन नव्हते. शवपेटीमागे उभ्या असलेल्या आईला ह्या नियमाने काय वाटले असेल, ते नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे. शास्त्रात हे पाप अक्षम्य आहे असे एकही वचन नाही. १९८३ च्या नव्या कॅथॉलिक धर्मसंहितेतून ती मनाई गेली, आणि १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या मंडळीच्या धर्मशिक्षणग्रंथात लिहिले गेले की, अशा मृतांच्या तारणाविषयी निराश होऊ नये; देवाला ठाऊक असलेल्या मार्गाने त्यांनाही पश्चात्तापाची संधी मिळू शकते, व मंडळी त्यांच्यासाठी प्रार्थना करते.